शाळा अन् पेरणी एकाच पंधरवड्यात: लेकरांचा आणि आई-बापांचा ताण कसा हलका करायचा? वाचा सविस्तर

जून महिन्यात शेतकऱ्याच्या घरी तीन खर्च एकदमच येतात. बियाणं, खत आणि शाळा. मृग नक्षत्र ७-८ जूनला लागतं. त्यानंतर आठवडाभरात, १५-१६ जूनच्या आसपास आपल्या जालना जिल्ह्यातल्या शाळा उघडतात. विदर्भात ऊन जास्त म्हणून तिकडं शाळा थोड्या उशिरा भरतात. आपल्याकडं मात्र पेरणीची घाई आणि शाळेचा पहिला दिवस एकमेकांच्या अंगावर येतात. भोकरदन, जाफराबाद असो की परतूर, मंठा, घनसावंगी, चित्र सगळीकडं सारखंच. बाप कृषी सेवा केंद्रावर, आई शेतात, आणि लेकरू रिकामं दप्तर घेऊन घरी.

शाळेच्या ताणावरचे व्हिडीओ मोबाईलवर भरपूर येतात. त्यातलं सगळं चुकीचं नसतं. पण पाऊस कधी पडेल यावर ज्या घराचं सगळं अवलंबून आहे, त्या घराला ते जसंच्या तसं लागू पडत नाही. म्हणून खेड्यातल्या घराला जमतील अशाच गोष्टी इथं एकत्र दिल्या आहेत. लेख मोठा आहे, पण एकदा निवांत वाचा आणि जपून ठेवा.

लेकरं सगळं ऐकत असतात

समजा, रात्री जेवताना बाप म्हणाला, "सोयाबीनच्या बॅगा आणायलाच पैसे नाहीत, आता याच्या शाळेचं कुठून बघू?" बापासाठी ते बोलणं तिथंच संपलं. पण समोर बसलेलं आठवीतलं पोरगं मनातल्या मनात हिशोब मांडतं. आपण शाळेत गेलो नाही तर घरचं भागेल का? मग ते वहीचे पैसे मागत नाही. वही नाही म्हणून वर्गात बोलणी बसतात. बोलणी बसतात म्हणून पोटात दुखायला लागतं. आठवड्यातून एक खाडा, मग दोन, आणि दिवाळीला कापूस वेचणी सुरू झाली की शाळा कायमची सुटते. घरातल्यांना वाटतं, याला शिकायचंच नव्हतं.

खेड्यातल्या लेकरांच्या ताणाचं मूळ बऱ्याचदा असं घरातल्या बोलण्यात असतं. पैशाची अडचण लपवायची गरज नाही. लेकरांना ती कळतेच. फक्त ती किती आहे आणि ती कोण सोडवणार, हे स्पष्ट सांगा. "यंदा हात आखडता आहे. पण तुझ्या वह्यांचे पैसे बाजूला काढलेत. बियाण्याचं आम्ही बघतो, तू शाळेचं बघ." एवढी तीन वाक्यं पुष्कळ काम करतात. आणि नवरा-बायकोत पैशावरून वाद घालायचाच असेल तर लेकरं झोपल्यावर घाला.

आधी कागद, मग दप्तर

जूनमधल्या धावपळीतला निम्मा त्रास दाखल्यांचा असतो. सेतू केंद्रावर रांग, सर्व्हर बंद, तलाठी पंचनाम्याला गेलेले, आणि इकडं शाळेतून रोज निरोप. यावर उपाय एकच, ही कामं एप्रिल-मे महिन्यातच उरकायची. यंदा राहून गेलं असेल तर पहिला दमदार पाऊस पडायच्या आत एक पूर्ण दिवस त्यासाठी काढा.

• उत्पन्नाचा दाखला: शिष्यवृत्ती आणि वसतिगृहासाठी लागतो. तहसील कार्यालयातून मिळतो. अर्ज सेतू केंद्रात किंवा आपले सरकार पोर्टलवर करता येतो.
• जातीचा दाखला: लेकरू दहावीत जायच्या आत काढून ठेवा. पुढं जात पडताळणी लागते, तिला वेळ जातो.
• नॉन क्रिमीलेयर: ओबीसी, एसईबीसी, भटक्या विमुक्तांसाठी पुढच्या प्रवेशांना लागतं. त्याला मुदत असते, ती तारीख बघून ठेवा.
• आधार कार्ड: शाळेतलं नाव आणि आधारवरचं नाव, जन्मतारीख एकसारखी आहे का ते आत्ताच बघा. दहावीच्या फॉर्मच्या वेळी चूक सापडली की मोठी पळापळ होते.
• बँक खातं: शिष्यवृत्तीचे पैसे खात्यावर येतात. खातं चालू आहे ना, आधार जोडलेलं आहे ना, हे विचारून घ्या.

एक महत्त्वाची गोष्ट. जात, उत्पन्न, रहिवासी, नॉन क्रिमीलेयर अशा दाखल्यांसाठी जे प्रतिज्ञापत्र लागतं, त्याला स्टॅम्प पेपर लागत नाही. साध्या कागदावरचं चालतं. सरकारनं तो मुद्रांक माफ केलेला आहे. कुणी ५०० रुपयांचा स्टॅम्प आणायला सांगितलं तर नम्रपणे विचारा, पण विचारा.

दाखला हातात नाही म्हणून लेकराला घरी बसवून ठेवू नका. शिक्षण हक्क कायदा २००९ सांगतो की ६ ते १४ वयाच्या मुलाला वयाचा पुरावा नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही. आधीच्या शाळेचा टीसी यायला उशीर झाला, तरी नव्या सरकारी किंवा अनुदानित शाळेला प्रवेश थांबवता येत नाही. लेकरू वर्गात बसू द्या, कागद मागून येतील.

खर्चाचा एक कागद करा

बरेच पालक पहिल्याच दिवशी सगळं घ्यायचं म्हणून उसनवारी करतात. तसं करायची गरज नसते. एका कागदावर तीन रकाने पाडा आणि लेकराला सोबत घेऊन भरा.

पहिला रकाना, फुकट काय मिळतं. पहिली ते आठवीची पाठ्यपुस्तकं जिल्हा परिषदेच्या, सरकारी आणि अनुदानित शाळेत मोफत मिळतात. जिल्हा परिषदेच्या आणि सरकारी शाळेत आठवीपर्यंत गणवेशही मिळतो. बूट आणि पायमोज्यांची योजनाही आहे. गणवेश यायला कधीकधी उशीर होतो. तोपर्यंत मागच्या वर्षीचा, नाहीतर साधे स्वच्छ कपडे चालतात का, हे शाळेत आधीच विचारा. म्हणजे पोरगं "सर रागावतील" म्हणून घाबरणार नाही. नववी-दहावीची पुस्तकं वरच्या वर्गातल्या पोरांकडून अर्ध्या किमतीत मिळतात. बालभारतीच्या वेबसाईटवर पुस्तकांची पीडीएफ मोफत आहे, ती मोबाईलवर उतरवून घेता येते.

दुसरा रकाना, पहिल्या आठवड्यात काय लागतंच. दोन-चार वह्या, पेन-पेन्सिल, पाण्याची बाटली, पावसाचं काहीतरी. आपल्याकडं पोरं पावसात भिजली की आठ दिवस आजारी पडतात, त्यामुळं नव्या दप्तराच्या आधी छत्री किंवा रेनकोट घ्या.

तिसरा रकाना, काय थांबू शकतं. नवं दप्तर, कंपास, डबा, जादाच्या वह्या, गाईड. हे जुलै-ऑगस्टमध्ये घेतलं तरी काही अडत नाही.

हा कागद भिंतीला लावा. काय कधी येणार हे दिसलं की लेकरू रोज विचारत नाही, आणि आई-बापही रोज चिडत नाहीत.

शिष्यवृत्तीचंही लक्षात असू द्या. आठवीत एनएमएमएस परीक्षा असते. सरकारी किंवा अनुदानित शाळेत शिकणाऱ्या आणि वर्षाचं उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत असलेल्या घरातल्या मुलाला ती देता येते. निवड झाली तर नववी ते बारावी वर्षाला १२,००० रुपये मिळतात. त्यासाठी सातवीचे गुण बघतात. म्हणून सातवी-आठवीतल्या पालकांनी जूनमध्येच सरांना विचारून ठेवावं.

एसटीचा पास

शाळा दुसऱ्या गावात असली की पोरांना पहिल्या आठवड्यात सगळ्यात जास्त धास्ती गाडीची असते. गाडी थांबेल का, जागा मिळेल का, उशीर झाला तर काय.

एसटीत पाचवी ते बारावीच्या मुलींना अहिल्यादेवी होळकरांच्या नावाच्या योजनेतून मोफत पास मिळतो. मुलांना मासिक पासात ६६.६७ टक्के सवलत आहे, म्हणजे तिकिटाच्या तिसरा हिस्साच भरावा लागतो. काही तालुक्यांत मुलींसाठी मानव विकासच्या बस आहेत. पाससाठी शाळेचा सही-शिक्क्याचा दाखला लागतो. अलीकडं एसटीचे कर्मचारी शाळेत येऊन पास देतात, तेव्हा मुख्याध्यापकांना यादी दिली का ते विचारा.

शाळा सुरू व्हायच्या आधी एक दिवस लेकराला घेऊन त्याच गाडीनं जाऊन या. फाटा, थांबा, शाळेचं गेट, संडास, पाण्याची टाकी दाखवा. गाडी चुकली तर कुणाच्या दुकानात थांबायचं आणि कुणाला फोन लावायचा तेही ठरवा. दोन मोबाईल नंबर पाठ करून घ्या. हा एक दिवस घातला की पहिल्या आठवड्यातलं अर्धं रडणं वाचतं. गाडी नेहमीच उशिरा येत असेल किंवा थांबतच नसेल तर चार-पाच पालकांनी मिळून आगारप्रमुखांना लेखी अर्ज द्यावा. एकट्यानं भांडून काही होत नाही.

कोणत्या वर्गाला काय जड जातं?

पहिली: आईला सोडून राहायचं असतं, म्हणून रडतं. गेटवर लपून पळून येऊ नका. "शाळा सुटली की आजी न्यायला येईल" असं सांगा आणि आजीला वेळेवर पाठवा. दोन-तीन आठवड्यांत बहुतेक लेकरं रुळतात. अंगणवाडीत रोज जाणारं लेकरू लवकर रुळतं. "ऐकलं नाही तर बाईंकडं देईन" अशी भीती घालू नका. ज्या बाईंच्या हाताखाली वर्ष काढायचं त्यांचीच भीती घातल्यावर लेकरू शिकणार कसं?

पाचवी: गावातली चौथीपर्यंतची शाळा सुटून बऱ्याच पोरांना दुसऱ्या गावी जावं लागतं. एका गुरुजींच्या जागी सहा शिक्षक, मोठी पोरं, इंग्रजीचे जादा तास. पहिल्या महिन्यात मार्क बघू नका. दोस्त झाला का एवढंच विचारा. मोठी पोरं गाडीत चिडवतात, डबा घेतात असं कळलं तर "तू पण दे एक ठेवून" हा सल्ला न देता वर्गशिक्षकांना भेटा.

आठवी: आवाज बदलतो, उंची वाढते, मूड बदलतो. मुलींची पाळी सुरू होते. आईनं किंवा मावशीनं आधीच समजावून सांगितलं आणि दप्तरात पॅड ठेवलं तर त्या चार दिवसांचे खाडे टळतात. शाळेत मुलींसाठी वापरता येईल असा संडास नसेल तर तो विषय शाळा व्यवस्थापन समितीत मांडा. या समितीत ७५ टक्के सदस्य पालक असतात आणि निम्म्या महिला असतात. म्हणजे हा आपलाच हक्क आहे.

आठवी-नववीतली मुलगी घरी बसली की आपल्या भागात लग्नाची बोलणी सुरू होतात. १८ वर्षांच्या आत मुलीचं लग्न लावणं गुन्हा आहे. गावात ग्रामसेवक हे बालविवाह प्रतिबंधक अधिकारी असतात. मुलगी शाळेत जाती राहिली तर हा विषय आपोआप मागं पडतो. पास मोफत आहे, पुस्तकं आहेत. मुलीला घरी बसवायचं कारण पैसा असेल तर आधी हा लेख तिच्या बापाला वाचायला द्या.

दहावी: जूनपासूनच "यंदा दहावी आहे" असं रोज ऐकवू नका. पोराला ते माहीत असतं. रोज ठरलेली दीड-दोन तासांची बैठक, एवढं पुरे.

अकरावी: आता अकरावीचे प्रवेश राज्यभर ऑनलाईन होतात. पसंतीक्रम भरताना रोज येणं-जाणं जमेल अशी कॉलेजं आधी टाका. नुसत्या नावाच्या मागं लागून ६० किलोमीटरवरचं कॉलेज घेतलं आणि पोरगं दोन महिन्यांत घरी आलं, असं व्हायला नको.

क्लासला टाकताना

लातूर, संभाजीनगरला नीट-जेईईच्या क्लाससाठी पोरं पाठवायची चाल वाढली आहे. पाठवा, पण आधी पोराला विचारा. शेत गहाण टाकून किंवा सावकाराचे पैसे काढून भरलेल्या फीचं ओझं पोराच्या डोक्यावर असतं. ते अभ्यासाला बसतं आणि डोळ्यांसमोर जमिनीचा सातबारा येतो.

केंद्र सरकारनं जानेवारी २०२४ मध्ये क्लासेससाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. १६ वर्षांखालच्या मुलाला प्रवेश देऊ नये, आणि मुलानं मधूनच क्लास सोडला तर उरलेल्या काळाची फी १० दिवसांत परत करावी, असं त्यात आहे. म्हणून वर्षाची फी एकदम न भरता हप्ते मागा आणि प्रत्येक हप्त्याची पावती घ्या.

पोरगं पहिल्यांदा खोलीवर किंवा वसतिगृहात राहत असेल तर पहिला महिना घराची आठवण येतेच. रोज रात्री ठरलेल्या वेळी फोन करा. पहिला प्रश्न "टेस्टला किती पडले?" असा नको. "जेवला का?" असा असू द्या.

झोप, सकाळ आणि दप्तर

सुट्टीत लेकरं रात्री अकरा-बारापर्यंत मोबाईल बघतात आणि सकाळी उन्हं आल्यावर उठतात. शाळेच्या पहिल्या दिवशी एकदम सहाला उठवलं की दिवसभर किरकिर. शाळेच्या दहा-बारा दिवस आधीपासून रोज १५ मिनिटं लवकर झोपवा. ६ ते १२ वयाच्या मुलांना ९ ते १२ तास झोप लागते, १३ ते १८ वयाच्यांना ८ ते १० तास. झोपायच्या तासभर आधी मोबाईल चार्जिंगला लावायचा, तो आई-बापाच्या खोलीत. हा नियम आई-बापांनीही पाळला तरच टिकतो.

चौथीपर्यंतच्या शाळा सकाळी ९ च्या आधी भरवू नयेत असा शासन निर्णय फेब्रुवारी २०२४ मध्ये झाला आहे. त्यामुळं लहान लेकरांची सकाळ थोडी निवांत होऊ शकते. दप्तर, कपडे, डब्याची भाजी रात्रीच ठरवा. सकाळी आईला धारा काढायच्या, स्वयंपाक करायचा आणि शेतात जायचं असतं. दप्तर भरणं हे तिसरीच्या पुढच्या लेकराचं स्वतःचं काम आहे. पाण्याची बाटली भरून देणं बापालाही जमतं.

दप्तराचं वजन लेकराच्या वजनाच्या १० टक्क्यांच्या आत असावं, असा नियम आहे. २० किलोच्या लेकराचं दप्तर २ किलोच्या वर नको. गावातल्या दुकानातल्या काट्यावर एकदा मोजून बघा. बऱ्याच दप्तरांत त्या दिवशी न लागणारी पुस्तकं सापडतील.

आपण शिकलेलो नसलो तरी

"मला वाचता येत नाही, मी काय अभ्यास घेणार?" असं अनेक आया म्हणतात. अभ्यास घ्यायला गणित यावं लागत नाही. संध्याकाळी भाकरी करताना लेकराला चुलीजवळ बसवा आणि म्हणा, "आज काय शिकवलं ते मला सांग." ते सांगताना त्याचं त्यालाच कळतं की आपल्याला काय आलं आणि काय नाही. मोठ्यानं एक पान वाचायला लावा. कुठं अडखळतं ते ऐकणाऱ्याला कळतंच.

"शाळेत काय झालं?" असं विचारलं की लेकरू "काही नाही" म्हणतं. त्याऐवजी नेमकं विचारा. आज कुणाशेजारी बसला? खिचडी कशी होती? कुणाला ओरडा बसला? शेजारच्याला बसला असं सांगता सांगता बऱ्याचदा स्वतःचं बाहेर येतं. त्या वेळी लगेच रागावू नका, नाहीतर पुढच्या वेळी ते सांगणार नाही.

आणि "शेजाऱ्याचं पोरगं बघ" हे वाक्य या वर्षापुरतं तरी बंद करा.

मागं पडलेल्या लेकरांचं काय?

ऊसतोडीला गेलेली घरं एप्रिल-मे महिन्यात परत येतात. सोबत गेलेल्या लेकराचे पाच-सहा महिने बुडालेले असतात. जूनमध्ये ते वरच्या वर्गात बसतं आणि त्याला काहीच कळत नाही. मग ते मागच्या बाकावर गप्प बसतं किंवा दंगा करतं. अशा लेकराच्या पालकांनी पहिल्याच आठवड्यात गुरुजींना सांगावं की याचं अमुक महिन्यापासून बुडालंय. शाळेबाहेर राहिलेल्या मुलाला वयाच्या वर्गात बसवून त्याला जादा शिकवायची तरतूद कायद्यात आहे. पुढच्या हंगामाला लेकराला गावातच ठेवता येईल का, म्हणजे आजी-आजोबांकडं किंवा हंगामी वसतिगृहात, हे दिवाळीच्या आधी ठरवा. निघायच्या दिवशी ठरवून होत नाही.

पेरणी, खुरपणी, कापूस वेचणीला लेकराला घरी ठेवायचा मोह होतो. एक दिवसानं काय होतं, असं वाटतं. पण गणितात एक दिवस गेला की पुढचे चार दिवस कळत नाहीत. मदत घ्यायचीच असेल तर सुट्टीच्या दिवशी किंवा शाळेनंतर तासभर घ्या, तीही हलक्या कामाची. फवारणीला लेकरांना कधीच नेऊ नका.

पाचवी आणि आठवीला आता वार्षिक परीक्षा असते. नापास झालं तर पुन्हा परीक्षेची संधी मिळते. त्यातही नाही झालं तर त्याच वर्गात बसावं लागतं, पण शाळेतून काढता येत नाही. दहावीत एक-दोन विषय राहिले तर एटीकेटीवर अकरावीला प्रवेश मिळतो. शाळा सुटलेल्यांसाठी १७ नंबरचा फॉर्म आणि मुक्त विद्यालय आहे. म्हणजे रस्ता कुठंच पूर्ण बंद होत नाही. हे लेकराला निकालाच्या आधीच सांगून ठेवा.

शाळेत मारलं तर?

शिक्षण हक्क कायद्यानुसार मुलाला मारणं आणि मानसिक त्रास देणं दोन्हीला बंदी आहे. तसं काही घडलं तर गावात बोभाटा करण्याआधी मुख्याध्यापकांना भेटा, मग शाळा व्यवस्थापन समिती, मग गटशिक्षणाधिकारी. तक्रार लेखी द्या आणि पोच घ्या. त्याच वेळी, "चांगला हाणा याला, आमची काही तक्रार नाही" असं गुरुजींना सांगणारे पालकही आपल्यात आहेत. असं सांगणं बंद करा. लेकरू ते ऐकतं आणि मग शाळेतली कोणतीच गोष्ट घरी सांगत नाही.

आई-बापांनी स्वतःकडंही बघावं

पाऊस लांबला, दुबार पेरणीची वेळ आली, बँकेचं पीककर्ज अडकलं की माणूस चिडतोच. तो राग घरी लेकरांवर निघतो. शाळेचा अभ्यास हे फक्त निमित्त असतं. राग आला की बाहेर जा, तोंडावर पाणी मारा. चार आकडे मोजत श्वास आत घ्या, सहा आकडे मोजत सोडा. असं दहा वेळा करा. साधं वाटतं, पण उपयोगी आहे. परीक्षेच्या आधी घाबरणाऱ्या लेकरालाही हेच शिकवा.

दारू पिऊन लेकराचा अभ्यास घेऊ नका. कामं वाटून घ्या. शाळेत जाणं, पालकसभा, दाखले हे सगळं आईवरच टाकू नका. बाप एकदा शाळेत गेला तर लेकराची मान वर्गात ताठ होते.

कधी सावध व्हायचं?

पहिले दोन-तीन आठवडे रडणं, पोट दुखणं, भूक कमी होणं हे बऱ्याच लेकरांत दिसतं. पण पुढच्या गोष्टी दोन आठवड्यांपेक्षा जास्त टिकल्या तर थांबू नका.

• शाळेच्या दिवशीच पोट किंवा डोकं दुखतं, सुट्टीत दुखत नाही
• बंद झालेलं अंथरूण ओलं करणं पुन्हा सुरू झालं
• झोप लागत नाही किंवा दिवसभर झोपून राहतं
• दोस्तांत जात नाही, आवडता खेळ सोडला
• "माझा काही उपयोग नाही", "मी नसलो तर बरं होईल" असं बोलतं

शेवटची गोष्ट ऐकली तर दोन आठवडे थांबायचं नाही, त्याच दिवशी हालचाल करा. "नाटकं करतंय" म्हणू नका. शांतपणे सरळ विचारा, "जीव नको वाटतो का?" असं विचारल्यानं डोक्यात नवीन खूळ शिरत नाही. उलट लेकराला मोकळं व्हायला वाट मिळते. त्याला एकटं सोडू नका. खरिपात प्रत्येक घरात फवारणीची औषधं आणि तणनाशकं असतात. ती बाराही महिने कुलपात ठेवा, किल्ली मोठ्या माणसाकडं.

मदतीसाठी हे नंबर मोबाईलमध्ये जतन करा:

• १४४१६: टेलिमानस. सरकारी सेवा, मोफत, २४ तास. मराठीत बोलता येतं. लेकरू, आई, बाप कुणीही फोन करू शकतं.
• १०९८: चाइल्डलाइन. मारहाण, बालविवाह, मुलांचा कोणताही त्रास.
• ११२: तातडीची मदत.

जिल्हा सामान्य रुग्णालयात मानसोपचार विभाग असतो. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं डॉक्टरांचं पथक शाळेत तपासणीला येतं. त्या दिवशी लेकराला शाळेत नक्की पाठवा. फळ्यावरचं दिसत नाही म्हणून अभ्यासात मागं पडलेली पोरं असतात, त्यांना फक्त चष्मा लागतो. आशाताईंना विचारलं तरी त्या योग्य ठिकाणी पाठवतात.

थोडक्यात, या आठवड्यात एवढं करा

१. दाखले आणि आधार तपासा.
२. खर्चाचा तीन रकान्यांचा कागद लेकरासोबत बसून करा.
३. एसटीच्या पासचं विचारा, एक दिवस सोबत प्रवास करा.
४. झोपायची वेळ रोज १५ मिनिटं मागं आणा.
५. रोज दहा मिनिटं मोबाईल बाजूला ठेवून लेकराचं ऐका.
६. १४४१६ आणि १०९८ हे नंबर जतन करा.

पेरणी बिघडली तर दुबार करता येते, नुकसान होतं पण वर्ष निघतं. आठवीत शाळा सुटलेलं लेकरू पुन्हा वर्गात आणणं त्याहून कितीतरी अवघड आहे. तेव्हा बियाण्याच्या रांगेत उभं राहण्याआधी एक चक्कर शाळेत मारा. ही माहिती उपयोगी वाटली तर गावच्या आणि शाळेच्या व्हाट्सअ‍ॅप ग्रुपवर पाठवा. ज्यांच्याकडं मोबाईल नाही त्यांना वाचून दाखवा.